पाळीच्या वेळापत्रकात मनाची निगा

मनाचे आरोग्य राखणाऱ्या रोजच्या सवयींत झोपेचा मान पहिला. बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या हजारो घरांत मात्र झोपेची वेळ पाळीचा तक्ता ठरवतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून 1969 पासून वीज बाहेर पडते आहे आणि तिथली देखरेख रात्रीही थांबवता येत नाही. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड तयार होते. रिअ‍ॅक्टरमध्ये चढवलेली बॅच रात्र झाली म्हणून अर्ध्यावर सोडता येत नाही. त्यामुळे फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा पाळ्या आलटून-पालटून चालतात. पहाटे पाचला उठून व्यायाम करा, रात्री दहाला झोपा, हा एरवी चांगला असलेला सल्ला या माणसांच्या उपयोगाचा नाही. उलट तो पाळता येत नाही म्हणून दोष आपलाच, अशी खंत तेवढी मागे राहते. त्यांना हव्यात त्या तक्ता बदलला तरी टिकणाऱ्या सवयी.

शरीराचे स्वतःचे घड्याळ साधारण चोवीस तासांचे असते. पेशींमध्ये ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागते. अंधार पडला की झोपेला साथ देणारे मेलाटोनिन वाढते, सकाळच्या उजेडाने ते ओसरते. रात्रपाळीत हे सगळे उलटे होते, म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सहसा तास-दोन तासांनी तोकडी पडते आणि वारंवार मोडते. अशी तूट आठवडेच्या आठवडे साचली की माणूस चिडचिडा होतो, लक्ष लागत नाही, मन उदास राहते. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. पुष्कळदा बदललेली असते ती झोप.

रात्रपाळी सुटल्यानंतरचे दोन तास फार महत्त्वाचे. सकाळी गेटबाहेर पडले की टपरीवर चहा होतो, रिक्षाची वाट पाहताना ऊन थेट डोळ्यांवर येते, आणि घरी पोचेपर्यंत शरीराने दिवस सुरू झाला असे ठरवून टाकलेले असते. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही रक्तात उरतो. म्हणून शेवटचा चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या भागातच उरकलेला बरा. सुटल्यावर पोटाला हलकासा नाश्ता पुरतो. परतताना टोपी किंवा गॉगल वापरल्यास डोळ्यांवरचा उजेड कमी होतो. पेंग येत असेल तर मात्र दुचाकी हातात घेऊच नये. घरी आल्यावर खिडकीला जाड चादर, पंखा चालू, फोन सायलेंटवर आणि अत्यावश्यक कामासाठी घरातल्या एकाच माणसाचा नंबर खुला, एवढी तयारी पत्र्याच्या खोलीतही करता येते. सलग सात तास मिळत नसतील तर सकाळी पाच तास आणि पाळीला निघण्याआधी दीड तास अशी तुकड्यांची झोपही चालते. ती रोज त्याच वेळी घेतली तर शरीर तिला सरावते.

पाळी एकाची असली तरी घड्याळ अख्ख्या घराचे फिरते. फर्स्ट शिफ्टचा डबा भरायला पहाटे चारला उठणारी बाई रात्री मुलांचा अभ्यास संपवून अकराला आडवी होते. तिची तूट कोणत्याच हजेरीपटावर चढत नाही. ती स्वतः पॅकिंग विभागात कामाला जात असेल, तर तिच्या दोन पाळ्या होतात. आठवड्याचा तक्ता दाराला लावून कुकर, टीव्ही, पाहुणे आणि दुपारची झोप कुणाची कधी, हे घराने एकत्र ठरवणे ही मनाच्या आरोग्याची सवयच आहे आणि तिला पैसा लागत नाही. सुट्टीचेही तसेच. 1948 च्या कारखाना कायद्यात मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीच्या कामगाराची सुट्टी पाळी संपल्यापासून चोवीस तास अशी मोजली होती, म्हणजे तिचा पहिला मोठा तुकडा झोपेतच जातो. उरलेल्या वेळातली संध्याकाळ तरी ओव्हरटाइमपासून वाचवावी. चिंचणीच्या किनाऱ्यावर मुलांबरोबर तासभर चालण्यात व्यायाम, उजेड आणि सोबत तिन्ही साधतात.

थकव्यावर दारूचा उतारा इथे सर्रास घेतला जातो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण झोपेचा उत्तरार्ध ती मोडते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढवते.

सोबत ही झोपेखालोखाल मोठी गोष्ट. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि पालघर-बोईसरहून मुंबईला रोज जाणाऱ्यांचे डब्यातले गट आणखी वाढले. दोन-दोन तासांच्या प्रवासात भजन म्हणणारी, वाढदिवस करणारी, गैरहजर माणसाला फोन लावणारी ही मंडळी मनाला मोठा आधार देतात. परराज्यातून आलेला कंत्राटी कामगार अशा वर्तुळाबाहेर राहतो. त्याच्यासाठी गावी फोन करण्याची ठरलेली वेळ आणि खोलीतल्या माणसांबरोबर दिवसातून एकदा एकत्र जेवण, एवढेही मोलाचे असते.

या भागाला भीतीचाही अनुभव आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे लहान धक्के सुरू झाले आणि कित्येक कुटुंबे रात्री घराबाहेर झोपू लागली. जानेवारी 2020 मध्ये औद्योगिक वसाहतीतल्या स्फोटात माणसे दगावली. अशा घटनेनंतर दचकणे, झोप उडणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे हे काही आठवडे स्वाभाविक असते. त्या काळात पीडिताला सगळे पुन्हा सांगायला भाग पाडू नये. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे, जेवण-झोपेचा क्रम सावरावा आणि अफवांचे व्हिडिओ बंद करावेत. त्रास महिन्याहून जास्त टिकला तर उपचार हवेत.

सवयींची मर्यादा इथे लागते. दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, दारूशिवाय दिवस न जाणे ही डॉक्टरकडे जाण्याची कारणे आहेत. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालतो. मराठीतही बोलता येते, आणि रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीतही तो उपयोगी पडतो. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे जवळचे मोठे सरकारी केंद्र. तपासणीला जाताना पाळीचा तक्ता सोबत न्यावा. मनाच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि ‘रात्री झोपताना एक’ असे लिहिलेली गोळी नाइटच्या आठवड्यात कधी घ्यायची, यंत्रावर उभे राहण्याआधी किती तास जायला हवेत, हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावे लागते.