जाहिरातीत लिहायचे तरी काय?

दिवाळी अंक हाती आला की लेखांआधी मी जाहिराती वाचतो. सदतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे लागलेली ही खोड असावी. गेल्या वर्षी समाजातील एका अंकाच्या पूर्ण व अर्ध्या पानांच्या जाहिराती पेन्सिल घेऊन मी एकेक करून पाहिल्या. बहुतेकांची ठेवण एकच होती. वर ‘हार्दिक शुभेच्छा’, खाली पेढीचे नाव, मग आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांची छायाचित्रे आणि तळाशी तीन-चार मोबाइल क्रमांक. दुकानात काय मिळते, याचा अनेक पानांवर पत्ताच नव्हता. एका पेढीचा आडतीचा व्यवसाय आहे हे मला कळले, ते केवळ त्या पेढीचे खाते एके काळी माझ्या शाखेत होते म्हणून.

शुभेच्छा देऊ नयेत असे मी म्हणत नाही. समाजाच्या अंकाला हातभार लागावा, हाही एक हेतू असतो आणि तो चांगलाच आहे. परंतु पानाचे पैसे मोजल्यावर वाचणाऱ्याला आपण काय दिले, हा हिशेब व्यापारी माणसाने करावयास नको काय? रुपया-पैशाचा मेळ लागेपर्यंत रात्री वही न मिटणारी आपली माणसे या एका खर्चाच्या बाबतीत मात्र विलक्षण उदार होतात.

कर्ज विभागात असताना शेकडो प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले. ‘आमची पेढी गेली साठ वर्षे सचोटी व विश्वास यांसाठी प्रसिद्ध आहे’ अशी सुरुवात असलेला कागद मी वाचत असे, पण त्यातून माझ्या हाती काही लागत नसे. याउलट एका आडत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : ‘हंगामात रोज सरासरी चाळीस पोती तूर येते. शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे द्यावे लागतात, मिलवाल्याकडून ते एकवीस दिवसांनी येतात. मधल्या तीन आठवड्यांसाठी मर्यादा वाढवून हवी.’ हा प्रस्ताव मंजूर करताना मला कोणाला काही विचारावे लागले नाही. ग्राहकही स्वतःच्या खिशातील रक्कम मंजूर करणारा अधिकारीच असतो. त्याच्यापुढेही आपण पहिल्या प्रकारचा कागद ठेवतो आणि मंजुरी आली नाही म्हणून खट्टू होतो.

या विद्येत मराठी मुलखाने एके काळी फार मोठी मजल मारली होती, याची आठवण आज फारशी कोणाला उरलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला शेतकरी धजेना. लोखंडाने जमीन नासते, असा समज सर्वत्र होता. सुरुवातीचे नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. माल उत्तम होता, किंमतही अवाजवी नव्हती. अडत होते ते शेतकऱ्याच्या मनातल्या एका शंकेपाशी, आणि ‘आमचा नांगर सर्वोत्कृष्ट’ असे हजार वेळा छापूनही ती शंका गेली नसती.

पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी, हा त्यामागचा सरळ व्यापारी उद्देश होता. पण शंकररावांनी एक गोष्ट ओळखली. नुसती मालाची यादी कोणी जपून ठेवत नाही, पण उपयोगाचे काही वाचायला मिळाले तर तो कागद घरात राहतो आणि त्याच्याबरोबर मालाचे नावही राहते. हे पत्र वाढत गेले, पुढे नावातील ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला येऊन मिळाली. माझ्या आईच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे जुने अंक होते. नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या परंपरेचा कागद आपण जपून ठेवला आहे, हे तिला ठाऊकही नसावे.

हे सारे आठवण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. तालुक्याच्या गावी भांड्यांचे जुने दुकान असलेले माझे एक स्नेही आहेत. वडिलांनी थाटलेला व्यवसाय, बाजारपेठेत मोक्याचा गाळा, बँकेत पंधरा लाखांची कॅश क्रेडिट. ते माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन : ‘साहेब, दुकान बंद करून गाळा मोबाइल कंपनीला भाड्याने द्यावा का?’ मी मालाची यादी मागवली. जवळजवळ एक तृतीयांश माल दोन वर्षांहून अधिक काळ फळीवर पडून होता. भाड्याची रक्कम हिशेबाने वाईट नव्हती. परंतु बोलताना त्यांचा आवाज बसत होता, आणि दारात उभी असलेली त्यांची धाकटी सून एक शब्द न बोलता ऐकत होती.

त्यापूर्वी त्यांनी शहरातील एका संस्थेला जाहिरातीचे काम दिले होते. दरमहा ठरावीक रक्कम जात होती. मोबाइलवर रोज एक रंगीत चित्र आणि त्याखाली ‘आपल्या स्वयंपाकघराला द्या राजेशाही स्पर्श’ किंवा ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ असे काही असे. ही वाक्ये भांड्यांच्या जागी पडदे, फरशी किंवा मसाले घातले तरी तशीच चालली असती. गावातील बाईला या वाक्यांचे काय करायचे, हेच कळत नव्हते.

ती सून बी.कॉम. झालेली. मी एकदा दुकानात गेलो, तेव्हा तिने संकोचत एक दोनशे पानी वही पुढे केली. ‘काका, गल्ल्यावर बसले की बायका जे विचारतात ते मी लिहून ठेवते. याचा काही उपयोग होईल का?’ मी ती वही तेथेच उभ्याने वाचली. इंडक्शनच्या शेगडीवर आमचे जुने पातेले चालेल का? चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील अस्सल, असे जाऊबाई म्हणतात, ते खरे का? पितळेच्या पातेल्यात कढी केली तर कळकते का? कुकरची शिट्टी होत नाही, गॅस्केट बदलू की कुकरच? लोखंडी तवा गंजतो, काय करू? अशी दीडशेच्या आसपास वाक्ये. संस्थेला महिन्याकाठी पैसे मोजून जे मिळत नव्हते, ते गल्ल्याशेजारी शाईने लिहिलेले पडले होते. मी तिला एवढेच म्हटले, की आठवड्यातून दोनदा यांतल्या एकाच प्रश्नाचे उत्तर लिही, आपल्या बोलीत लिही आणि आठ ओळींच्या वर जाऊ नकोस.

तिचा पहिला मजकूर माझ्याजवळ आहे. ‘इंडक्शनवर आपले जुने पातेले चालेल का, हे घरीच पाहता येते. फ्रीजवरचे चुंबक पातेल्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटले तर बहुधा चालेल. बूड सपाट आहे ना, तेही पाहा. खात्री वाटत नसेल तर पातेले दुकानात घेऊन या, आमच्या शेगडीवर ठेवून बघू. त्याचे पैसे नाहीत.’

हे वाचून माझे स्नेही संतापले. ‘अगं, जुनेच चालते असे आपणच सांगितले तर गिऱ्हाईक नवे कशाला घेईल?’ त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. फळीवरचा माल हलत नसताना ‘विकत घेऊ नका’ असे छापणे कोणत्या व्यापाऱ्याला रुचेल? सून मात्र शांतपणे म्हणाली, ‘बाबूजी, घरी बसून नवे मागवणाऱ्या बाया आपल्याकडे येतच नाहीत. जुने घेऊन का होईना, पण दुकानात पाऊल तर पडेल.’ त्या आठवड्यात बायका पिशवीत पातेली घेऊन आल्या. काही तशाच परत गेल्या. काहींनी जाता जाता गाळणी नेली, चिमटा नेला, एकीने डबे नेले.

चुंबकाचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. ३०४ या प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि त्याला सहसा चुंबक चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०२ या स्वस्त प्रतीलाही ते चिकटत नाही. तेव्हा चुंबक घेऊन भांडी पारखणारी गृहिणी फसू शकते. हे लिहायचे म्हणजे आपल्या फळीवर २०२ प्रतीचीही भांडी आहेत, हे कबूल करणे आले. सुनेने तसे लिहिले : ‘आमच्याकडे दोन्ही प्रती आहेत, भावही दोन आहेत. प्रत कोणती ते बिलावर लिहून मागा.’ त्या दिवसापासून बिलावर प्रत लिहावीच लागली. जाहिरातीच्या मजकुराने दुकानाला शिस्त लावल्याचे हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

कल्हईचा मजकूर गावात फार फिरला. पितळ किंवा तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा लेप नसेल तर ताक, चिंच, लिंबू अशा आंबट पदार्थांची धातूशी क्रिया होते, पदार्थ कळकतो आणि तो पोटाला बाधू शकतो. हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. सुनेने ते चार ओळींत सांगितले आणि पाचव्या ओळीत लिहिले, की महिन्याच्या पहिल्या सोमवारी कल्हईवाला आमच्या ओट्यावर बसेल. पहिल्या सोमवारी रांग लागली.

वाद पेटला तो तांब्याच्या बाटल्यांवरून. सव्वादोनशे बाटल्या पडून होत्या. कोणीतरी पाठवलेला एक मजकूर माझ्या स्नेह्यांना फार आवडला होता : तांब्यातील पाण्याने मधुमेह जातो, सांधेदुखी जाते, वजन उतरते. ‘हेच छापू, चार दिवसांत बाटल्या संपतील.’ सून तयार होईना. घरात दोन दिवस अबोला होता, असे नंतर कळले. शेवटी दोघेही माझ्याकडे आले. मी कायदा सांगितला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड उत्पादकालाच होतो असे नाही, जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर ‘अटी लागू’ या मुंगीएवढ्या अक्षरांचीही सोय ठेवलेली नाही. मूळ दावा ज्या भाषेत व ज्या टाइपात असेल, खुलासाही त्याच भाषेत व त्याच टाइपात हवा.

दंडाच्या आकड्याने ते गप्प झाले, पण त्यांना पटले असे मला दिसले नाही. मग मी त्यांच्याच स्वाध्यायातील गोष्ट काढली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. खोटा दस्त किंवा खोटी वही एवढाच तिचा अर्थ आपण धरतो. मी विचारले, ‘शेठजी, मोबाइलवर पाठवलेला मजकूर हा लेख आहे की नाही?’ त्यांनी उत्तर दिले नाही. बाटल्यांचा मजकूर अखेर असा गेला : ‘तांब्याची बाटली. साधे पाणी ठेवा. लिंबूपाणी, ताक ठेवू नका. आठवड्यातून एकदा चिंचेने किंवा लिंबाने घासून स्वच्छ धुवा. भाव खालीलप्रमाणे.’ चार दिवसांत बाटल्या संपल्या नाहीत. आजही साठेक शिल्लक आहेत.

भाव लिहावा की नाही, यावर मात्र आपली व्यापारी मंडळी फार बिचकतात. शेजारच्याला कळेल, गिऱ्हाईक घासाघीस करील, अशी भीती असते. माझे मत स्पष्ट आहे : जेथे शक्य आहे तेथे लिहावा. सराफीत भाव रोज बदलतो, तेथे निदान घडणावळ टक्क्यांत आहे की ग्रॅमवर, मोडीच्या वेळी किती घट धरली जाईल आणि ९१६ म्हणजे २२ कॅरट, एवढे तरी सांगता येते. ते न सांगता ‘घडणावळीवर पन्नास टक्के सूट’ असे फलक लागतात. पन्नास टक्के कशावर, हे विचारायला ग्राहक लाजतो आणि समोरच्या दुकानात जातो.

यातून वर्षभरात काय मिळाले, असे आपण विचाराल. हिशेब मी पाहिले आहेत. गल्ल्यावरची फुटकळ विक्री वाढली, हे खरे. पडून असलेल्या मालाचे प्रमाण एक तृतीयांशावरून पाव हिश्श्यावर आले आहे. लग्नसराईची मोठी खरेदी मात्र अजूनही जिल्ह्याच्या गावी जाते आणि त्यावर मजकुराचा उतारा सापडलेला नाही. शहरातील संस्थेचे काम बंद केल्यामुळे वाचलेले पैसे व्याजात जातात. गाळा भाड्याने देण्याचा विषय पुढच्या पाडव्यापर्यंत लांबणीवर पडला आहे.

परवा सुनेने यंदाच्या दिवाळी अंकासाठी अर्ध्या पानाचा मजकूर तपासायला पाठवला. कुटुंबीयांचे छायाचित्र नव्हते. दुकानाच्या वेळा, कल्हईचा वार, दोन प्रतींचे दोन भाव, जुन्या पितळेची मोड कशी धरतात ते, आणि अगदी खाली एक ओळ : ‘दुकान आजेसासऱ्यांनी सुरू केले, तेव्हाची काटा-मापे अजून आमच्याकडे आहेत, पाहायला या.’ जागा वाचावी म्हणून ती ओळ मी खोडली. तिने मजकूर छपाईला पाठवताना ती पुन्हा घातली आणि तसे मला फोन करून सांगितलेही.