'परवडणारे' : पण कोणास? — बुटीबोरी परिसरातील घरखरेदीच्या भाषेचा विचार

नागपूरच्या दक्षिणेस पंचवीस-तीस किलोमीटरांवर बुटीबोरी हे गाव आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील हे स्थानक. येथूनच उमरेडकडे एक फाटा निघतो, आणि हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग व वर्ध्याचा रस्ता हे येथेच परस्परांपासून वेगळे होतात. 'बोरी' हे ग्रामनाम महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळत असल्यामुळे ओळखीसाठी त्यास पूर्वपद जोडावे लागते; येथील पूर्वपदाचा संबंध नागपूरच्या बुटी घराण्याशी लावला जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या विस्तीर्ण क्षेत्रामुळे या गावाचे रूप पालटले. कृत्रिम धाग्यापासून टायरपर्यंत नाना वस्तूंचे कारखाने येथे उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग नोकरवर्ग आला. यांपैकी कित्येक जण रोज नागपुराहून ये-जा करतात, कित्येक गावातच किरायाने खोली घेऊन राहतात. आठ-दहा वर्षे नोकरी झाली, मुले शाळेत जाऊ लागली, म्हणजे या माणसाच्या मनात स्वतःच्या घराचा विचार येतो. आणि मग तो ज्या व्यवहारात शिरतो, त्या व्यवहाराची भाषा त्याच्या ओळखीची नसते.

वस्तुतः ती एक भाषा नव्हे, तीन आहेत. दलालाशी बोलणे होते ते नागपुरी मराठीत किंवा हिंदीत : 'प्लाट', 'किस्त', 'बयाणा', 'रजिस्ट्री'. रस्त्यावरचा फलक असतो तो इंग्रजी आद्याक्षरांच्या मिश्रणाचा. आणि ज्या कागदावर सही करावयाची, तो असतो शासकीय मराठीत. ग्राहक एका भाषेत ऐकतो, दुसरीत वाचतो आणि तिसरीत बांधला जातो. या तिन्हींत एक समान धर्म आढळतो. क्रियेशी संबद्ध असलेली जी व्यक्ती वाक्यात असावयास हवी, ती या शब्दप्रयोगांतून गळून पडते. आणि जी गळते तिच्यावरच बहुधा ग्राहकाचे सारे भवितव्य अवलंबून असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण 'परवडणारे घर' हे होय. 'परवडणे' हे मराठी क्रियापद आवडणे, रुचणे, झेपणे यांच्या वर्गातले. वस्तू प्रथमेत येते आणि जिला अनुभव येतो ती व्यक्ती चतुर्थीत : 'त्याला हे घर परवडते.' व्यक्ती गाळली तर वाक्य अपुरे वाटते. ऐकणारा लगेच 'कोणाला?' असे विचारतो. परंतु याच क्रियापदाचे 'परवडणारे' असे धातुसाधित विशेषण केले की चतुर्थीची गरज उरत नाही. परवडणे हा मग एका माणसाचा एका वस्तूशी असलेला संबंध न राहता घराचाच अंगभूत गुण भासू लागतो. घर जसे पूर्वाभिमुख किंवा दुमजली, तसेच ते परवडणारे. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. बाजारात हे क्रियापद विकणाराही तितक्याच सहजतेने वापरतो. 'या भावात मला परवडत नाही' हे दुकानदाराचे नित्याचे वाक्य आहे. तेव्हा रिकाम्या झालेल्या चतुर्थीच्या जागी घेणारा बसवावयाचा की बांधणारा, हे विशेषणावरून कळण्यास मार्ग नाही.

ही रिकामी जागा मग कायदा भरतो, आणि तीही निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रीतीने. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांत ज्या परवडणाऱ्या घरास एक टक्का कर लावला गेला, त्याची व्याख्या अशी की महानगरांबाहेर चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असावे आणि किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत असावी. महानगरांच्या त्या यादीत नागपूर नाही. म्हणून बुटीबोरीस ९० चौरस मीटरांची मर्यादा लागू पडते. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजाच्या अनुदानासाठी घराच्या किमतीची मर्यादा ३५ लाख ठेवली आहे, आणि लाभार्थ्याचे वर्ग कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरविले आहेत : ३ लाखांपर्यंत, ६ लाखांपर्यंत आणि ९ लाखांपर्यंत. पहिल्या व्याख्येत माणूस मुळीच नाही, दुसरीत तो आहे.

पहिल्या व्याख्येत माणूस घालून पाहिल्यास काय होते, हे साध्या हिशेबाने कळून येईल. महिना ३०,००० रुपये मिळविणारा एक कामगार घेऊ. त्याने चाळीस टक्के पगार, म्हणजे १२,००० रुपये, हप्त्यासाठी बाजूस काढला, तर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर त्यास सुमारे १३ लाख ८० हजारांचे कर्ज झेपते. आता ४५ लाखांचे 'परवडणारे' घर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांवरील गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक देता येत नाही; तेव्हा ९ लाख रुपये स्वतःचे हवेत आणि उरलेल्या ३६ लाखांचा हप्ता याच दराने ३१,२०० रुपयांच्या वर जातो. महिन्याच्या पगारापेक्षा हप्ताच मोठा झाला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी अद्याप हिशेबात धरलेलीच नाही. कराच्या दृष्टीने हे घर मात्र निःसंशय परवडणारे आहे.

म्हणून बुटीबोरीचा कामगार सदनिकेचा नाद सोडून भूखंडाकडे वळतो. आधी जमीन, मग जमेल तसे बांधकाम, हा नागपूरकडील मध्यमवर्गाचा जुना रिवाज आहे. येथे 'ले-आउट' या शब्दाची गाठ पडते. मूळ इंग्रजीत याचा अर्थ आखणी, नकाशा. नागपुरी मराठीत तो शब्द नकाशावरून जमिनीवर उतरला आणि पुढे वस्तीचे नावच झाला; पांडे ले-आउट, भेंडे ले-आउट ही नागपूर शहरातील नावे सर्वश्रुत आहेत. शेताचे तुकडे करण्यास येथे 'ले-आउट टाकणे' म्हणतात. शब्दाच्या या प्रवासात नकाशा आणि जमीन यांतील अंतर नाहीसे झाले, ही गोष्ट अर्थदृष्ट्या महत्त्वाची आहे. कारण फसवणूक होते ती नेमकी त्या अंतरात. वर्धा मार्गाच्या दुतर्फा रस्ते आखलेले, खुंट्या रोवलेल्या, कमानीवर नाव रंगविलेले, परंतु एकही घर नसलेले ले-आउट दिसतात. त्यांतील कोणता नकाशा कोणी पाहून संमत केला आहे, हे कमानीवरून समजत नाही.

फलकावर मात्र त्याचे उत्तर दिल्यासारखे भासते : 'एनएटीपी मंजूर', 'आर.एल. प्लॉट'. यातील 'एनए' म्हणजे अकृषिक. नञ् उपसर्गाने बनलेला हा शब्द जमीन काय नाही एवढेच सांगतो, काय आहे ते सांगत नाही. कारखान्याची जमीन अकृषिक असते, दुकानाची असते, राहत्या घराचीही असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ४४ व्या कलमात या परवानगीची मूळ पद्धत सांगितली असून, विकास आराखड्यातील जमिनींसाठी तीत पुढे ४२-ब वगैरे कलमे घालून ही पद्धत सुलभ करण्यात आली. 'टीपी' म्हणजे नगररचना विभाग. म्हणजे अभिन्यासास त्या विभागाची संमती. बोलीत या चार अक्षरांचे एक विशेषण झाले आहे आणि ते क्रियेलाही जोडले जाते : 'एनए झाला', 'एनए करून देतो'. यांतील 'झाला' आणि 'करून देतो' यांमध्ये काही वेळा पाच वर्षांचे अंतर असते.

'आर.एल.' हा शब्द निव्वळ नागपूरचा म्हणावा लागेल. मुंबई-पुण्याच्या वाचकास तो उलगडणार नाही. नागपूर सुधार प्रन्यास ही १९३६ च्या कायद्याने निर्माण झालेली संस्था. विकास शुल्क भरून घेतल्यावर ती भूखंडधारकास जे मुक्ततापत्र देते, त्याची ही आद्याक्षरे. शहराच्या भोवती अनधिकृतपणे पडलेल्या अभिन्यासांच्या नियमितीकरणाची मोहीम इतकी मोठी होती की '५७२ चे ले-आउट' आणि '१९०० चे ले-आउट' असे संख्यांचेच विशेषनाम झाले. या नियमितीकरणास आधार झालेल्या २००१ च्या कायद्याचे नाव 'गुंठेवारी', हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे. कारण गुंठा हे माप नागपुरी व्यवहारातले नव्हे. येथे जमीन एकरात बोलली जाते आणि भूखंड चौरस फुटांत. शब्द पश्चिम महाराष्ट्रातून कायद्याच्या वाटेने आला. २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना लागू झाली.

राहिला 'मंजूर' हा शब्द. हे मूळचे अरबी विशेषण मराठीत कर्मणी अर्थाने येते. मंजूर करणारा तृतीयेत किंवा 'कडून' या शब्दयोगी अव्ययाने सांगावा लागतो. जाहिरातीत तो सांगितलेला नसतो. बुटीबोरीत तर हा कर्ता कालानुसार व स्थलानुसार बदलतो. औद्योगिक क्षेत्राच्या सीमेत नियोजनाचा अधिकार महामंडळाचा आहे. भोवतालच्या महानगर प्रदेशातील गावांसाठी २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या कक्षेत सातशेहून अधिक गावे आली. बुटीबोरीचा कारभार पूर्वी ग्रामपंचायतीकडे होता. नगर परिषदेची पहिली निवडणूक २०१९ साली झाली. 'ग्रामपंचायत मंजूर' असा जुना कागद दाखवून आजही भूखंड विकावयास काढले जातात. ग्रामपंचायतीच्या ठरावाने घरटॅक्सची पावती मिळते, वीज मिळते. पण शेताचा अभिन्यास नियोजन प्राधिकरणाने संमत केला आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. ग्राहकाने 'मंजूर आहे का?' असे विचारण्याऐवजी 'कोणी, कोणत्या दिनांकाच्या आदेशाने, कोणत्या खसऱ्यापुरते?' असे विचारावयास हवे.

मंजुरीचा कर्ता न सापडल्यास अधिकृत बँक कर्ज देत नाही. ग्राहक मग विक्रेत्याकडेच 'आसान किस्त' मान्य करतो. अशा व्यवहारात पैसा हप्त्याहप्त्याने जातो आणि मालकी शेवटपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मध्येच नोकरी सुटली की गुंतवणूक व भूखंड या दोहोंवरही पाणी सोडावे लागते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने येथे खरोखर मोलाची तरतूद केली आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरील प्रकल्प, मग तो भूखंडांचा का असेना, महारेराकडे नोंदविल्याशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही. आणि नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. परंतु हजार-हजार चौरस फुटांचे पाचच तुकडे पाडले, तर ती जमीन ५०० चौरस मीटरांच्या आत राहते. असे छोटे अभिन्यास या कायद्याच्या बाहेर पडतात.

सदनिका घेणाऱ्यापुढे आणखी एक शाब्दिक पेच आहे. 'चटई क्षेत्र' म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. २०१६ च्या अधिनियमात तिची व्याख्या दिली असून बाहेरच्या भिंती व गच्ची तीतून वगळल्या आहेत, आतल्या भिंती धरल्या आहेत. परंतु भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते, त्या गुणोत्तरासही शासकीय मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' असेच नाव पडले. हा निर्देशांक मोजला जातो तो बांधीव क्षेत्रावरून, चटईवरून नव्हे. परिभाषा घडविणाऱ्यांनी दोन भिन्न मापांना एकच पद दिले आणि तिसरे 'सुपर बिल्ट-अप' हे पद बाजाराने आणले. दर चौरस फुटाचा भाव सांगितला जातो तेव्हा फूट यांपैकी कोणता, हे विचारल्याशिवाय दोन घरांच्या किमतींची तुलनाच होऊ शकत नाही.

भविष्यकाळाची तीच गत. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यास डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती मिळाली. त्यातील सुमारे साडेअठरा किलोमीटरांचा एक मार्ग मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक क्षेत्रापर्यंत आखलेला आहे. 'प्रस्तावित स्थानकाजवळ' या दोन शब्दांची किंमत विक्रेता आजच्या दरात लावतो. गुंतवणुकीसाठी जमीन घेणाऱ्यास थांबणे परवडते. किराया भरून राहणाऱ्यास परवडत नाही. अशा घोषणांचा लाभ रिकाम्या भूखंडास होतो आणि भार पहिल्याने घर घेणाऱ्यावर पडतो.

शेवटी कागदांचा प्रश्न. ज्या दस्तास पुण्याकडे 'खरेदीखत' म्हणतात, त्यालाच नागपूरकडे 'विक्रीपत्र' म्हणतात. एक नाव घेणाऱ्याच्या क्रियेवरून पडले, दुसरे देणाऱ्याच्या. हा भेद निरुपद्रवी आहे. उपद्रवी आहे तो 'विक्रीपत्र' आणि 'विक्रीचा करारनामा' यांतील सारखेपणा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ५४ व्या कलमान्वये विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. आणि केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही मुद्रांक चिकटविलेला, नोटरीच्या शिक्क्याचा करारनामा पेटीत जपून ठेवून 'रजिस्ट्री झाली' असे समाधानाने सांगणारी कुटुंबे या परिसरात आहेत. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले विक्रीपत्र, त्यावरून पटवारी-हलक्यात झालेला फेरफार, आणि सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर चढलेले नाव, इतका प्रवास झाल्यावरच 'झाली' या क्रियापदाला या व्यवहारात पूर्ण भूतकाळाचा अर्थ येतो.