अँटीऑक्सिडंट कॅप्सूल : ‘नॅचरल’ म्हणजे सेफ असतं का?



नवीन फोन घेताना आपण बेंचमार्क स्कोअर बघतो. स्कोअर जबरदस्त असतो, पण अर्धा तास गेम खेळला की फोन तव्यासारखा तापतो. आजचा विषय थोडा असाच आहे. फक्त इथे तापणारं डिव्हाइस म्हणजे आपलं लिव्हर, म्हणजेच यकृत.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. गेल्या वर्षी नाईट शिफ्टमुळे सतत थकवा जाणवायचा. तेव्हा रील्समध्ये वारंवार दिसणाऱ्या दोन डब्या मागवल्या : एक हळदीच्या अर्काची, दुसरी ग्रीन टीच्या अर्काची. दोन्हींवर ‘१०० टक्के नॅचरल’ लिहिलेलं होतं. साडेतीन महिन्यांनी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एसजीपीटी आलं १४८. लॅबची वरची मर्यादा होती ४५. त्रास काहीच होत नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, “काही औषधं चालू आहेत का?” मी लगेच म्हणालो, “नाही.” त्यांनी पुन्हा विचारलं, “पावडर, कॅप्सूल, काढा असं काही?” तेव्हा मी ऑर्डर हिस्ट्री उघडून दाखवली. त्यांनी दोन्ही डब्या बंद करायला लावल्या, काविळीच्या विषाणूंच्या टेस्ट आणि सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. दोन महिन्यांनी एसजीपीटी ३८ वर आलं. “शंभर टक्के याच डब्यांमुळे झालं असं म्हणता येणार नाही, पण पुन्हा सुरू करू नका,” असं डॉक्टर म्हणाले.

घरी फोन केला तर आई म्हणाली, “अरे, लहानपणापासून तुला हळदीचं दूध पाजलं, तेव्हा काही झालं नाही. आता हळदीनं लिव्हर कसं बिघडेल?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. चला तर मग, त्याचंच उत्तर शोधूया.

अँटीऑक्सिडंट नेमकं काय करतं?

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. त्यात काही अस्थिर रेणू तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. ते जास्त झाले तर पेशींचं नुकसान करतात. अँटीऑक्सिडंट त्यांना शांत करतं. इथपर्यंत जाहिरात खरं बोलते.

जाहिरात जे सांगत नाही ते असं : फ्री रॅडिकल्स हे शरीराचे नोटिफिकेशनही असतात. व्यायाम केल्यावर ते थोडे वाढतात आणि स्नायूंना ‘आता मजबूत व्हा’ असा सिग्नल मिळतो. मोठा डोस घेणं म्हणजे सगळी नोटिफिकेशन म्यूट करणं. २००९ च्या एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्या तरुणांना व्हिटॅमिन सी आणि ई चे मोठे डोस दिले, तेव्हा व्यायामामुळे इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणा दिसलीच नाही.

स्कोअरची गंमत

‘एका कॅप्सूलमध्ये इतक्या फळांची ताकद’ अशा दाव्यांमागे बऱ्याचदा ओरॅक नावाचा स्कोअर असायचा. तो मोजला जातो प्रयोगशाळेतल्या नळीत, माणसाच्या शरीरात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा स्कोअरची यादी वेबसाइटवर ठेवली होती. कंपन्या जाहिरातीसाठी तिचा गैरवापर करतात आणि नळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम कळत नाही, म्हणून २०१२ मध्ये ती काढून टाकली. म्हणजे बेंचमार्क बनवणाऱ्यांनीच बेंचमार्क मागे घेतला!

आईच्या प्रश्नाचं उत्तर : प्रमाण

हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. माझ्या डबीतल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के करक्युमिनॉइड्स होते, म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. तेवढं मिळवायला सुमारे १६ ग्रॅम हळद लागेल. मी दिवसाला दोन घ्यायचो. म्हणजे रोज साधारण दहा छोटे चमचे हळद! आईच्या दुधात असायची पाव चमचा.

दुसरी गोष्ट, करक्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं. यकृत ते पटकन बाहेर काढतं. म्हणून कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीतलं पिपेरिन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, की २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर माणसांमध्ये करक्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. जाहिरातीत हे फीचर म्हणून येतं. पण पिपेरिन हे करतं यकृताच्या फायरवॉलची गती कमी करून. त्याच फायरवॉलमधून इतर औषधंही जातात, त्यामुळे त्यांचा परिणामही वाढू शकतो.

साइड इफेक्ट्स : नोंदी काय सांगतात?

• हळदीचा अर्क : इटलीत २०१९ मध्ये यकृताला सूज आल्याची बरीच प्रकरणं समोर आली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने इशारा दिला, विशेषतः जास्त डोस आणि जास्त शोषण होणाऱ्या उत्पादनांबद्दल. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल हा इशारा नव्हता.

• जनुकांचा भाग : अमेरिकेतल्या एका अभ्यासात हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांपैकी ७ जणांत एचएलए-बी जनुकाचा एकच विशिष्ट प्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काचा त्रास होणाऱ्यांतही तोच प्रकार जास्त दिसतो. म्हणून ‘माझ्या मित्राला काही झालं नाही’ या रिव्ह्यूवर जाऊ नका. त्याचं हार्डवेअर वेगळं आहे.

• ग्रीन टीचा अर्क : युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढतात. साधा ग्रीन टी पिणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. उपाशीपोटी अर्क घेतला तर तो जास्त शोषला जातो.

• लोह : हे दोन्ही अर्क अन्नातलं लोह बांधून ठेवू शकतात. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर जपून.

• बीटा कॅरोटीन : गाजराला रंग देणारा हा घटक. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : रोज २० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी नाही, उलट १८ टक्के जास्त. गाजर खा, पण सिगारेट ओढत असाल तर या गोळ्या नकोतच.

मग फायदा शून्य का? तसंही नाही. गुडघ्याच्या संधिवातात करक्युमिनने दुखणं कमी झाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा, रील बघून नाही.

घेण्याआधी फोनवर एवढं करा

१. लेबलचा फोटो काढून झूम करा. ‘अर्क’, ‘९५ टक्के’, ‘पिपेरिन’ हे शब्द शोधा आणि दिवसाचा एकूण डोस कॅल्क्युलेटरवर काढा.

२. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक त्यांच्या फॉसकॉस वेबसाइटवर तपासा. पण लक्षात ठेवा, परवाना म्हणजे परिणामाची गॅरंटी नाही. म्हणूनच डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं.

३. रक्त पातळ करणारी, डायबेटिसची किंवा दुसरी कुठलीही नियमित औषधं चालू असतील, गरोदरपण असेल किंवा यकृताचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

४. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, भूक मरणं, अंगाला खाज सुटणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, यातलं काहीही जाणवलं तर कॅप्सूल बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि मी केलेली चूक तुम्ही करू नका. डॉक्टरांनी “काही औषधं चालू आहेत का?” विचारलं तर सप्लिमेंटचंही नाव सांगा. मी दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं, तर मी त्या दिवशी घरी जाऊन पुढची कॅप्सूल घेतली असती.

थकव्याचं म्हणाल, तर नाईट शिफ्ट बदलून घेतली आणि सात तास झोपायला लागलो. फरक पडला. हळद अजूनही खातो, आईच्या आमटीतली.