दशाननाचा गर्व

बोरीवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत शिवाचे नृत्य कोरलेले आहे. त्याच शिवापुढे लंकाधिपतीची झालेली फजिती पाहावयाची, तर घारापुरीस जावे. सुमारे 6व्या शतकातील तेथील शिल्पात रावण कैलास हलवीत आहे. कुबेराकडून जिंकलेले पुष्पक विमान त्या पर्वतापाशी अडले, एवढेच त्याच्या क्रोधाचे निमित्त! शिवाने अंगठा दाबताच त्याचे बाहू पर्वताखाली चेंगरले.

परंतु नाशाचे बीज याहून जुने. उत्तरकांडात तो ब्रह्मदेवाजवळ नाग, यक्ष, दैत्य, देव यांपासून अभय मागतो. मनुष्यास मात्र तृणवत् लेखून वगळतो. हात पसरतानाही असला ताठा! आम्हांस तर कैलासाच्या प्रसंगाहून हाच अधिक भयंकर वाटतो. विष्णूस दशरथाघरी मनुष्यजन्म घ्यावा लागला, तो यामुळेच.