फडताळ कुणी लावायचं?

२०१९ ची भाऊबीज २९ ऑक्टोबरला होती. दुसऱ्याच दिवशी जगभरातल्या संगणकांवर एक बदल उतरला. स्टीम उघडल्यावर गेमच्या नावांची जी साधी, काळपट यादी दिसायची, ती आता डाव्या कडेला सरकली होती आणि उरलेला सगळा पडदा चित्रांनी भरला होता. वर 'व्हॉट्स न्यू' नावाची बातम्यांची पट्टी, तिच्याखाली नुकतेच खेळलेले गेम, आणि त्याखाली पुस्तकांच्या मुखपृष्ठांसारखी उभी चित्रं ओळीनं लावलेली. ज्यांनी १७ सप्टेंबरपासून चाचणी आवृत्ती वापरली होती त्यांना हे ठाऊक होतं. बाकीच्यांनी नेहमीसारखा संगणक सुरू केला, अपडेट आपोआप बसलं, आणि रोजची खोली कुणीतरी आवरून ठेवल्यासारखी झाली.

स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीचं गेमचं दुकान, आणि संगणकावर खेळणाऱ्यांसाठी ते आज सगळ्यात मोठं. पण त्याला नुसतं दुकान म्हणणं अपुरं आहे. विकत घेतलेले गेम तिथंच राहतात, तिथूनच उतरवायचे, तिथूनच सुरू करायचे. या साठ्याचं नाव लायब्ररी. दहा-पंधरा वर्षं स्टीम वापरणाऱ्याच्या लायब्ररीत शेकडो गेम असणं नवलाचं नाही. दर उन्हाळ्यात आणि डिसेंबरात सेल लागतो, किंमत निम्म्याहून खाली येते, आणि माणूस 'कधीतरी खेळू' म्हणून घेऊन ठेवतो. भारतात २०१५ च्या अखेरीस किमती डॉलरऐवजी रुपयांत दिसू लागल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांची फडताळंही अशीच भरत गेली.

त्यामुळे नव्या रूपावर जो गदारोळ उठला, तो 'रंग आवडला नाही' एवढ्यावर थांबणारा नव्हता. त्या तक्रारी मी तेव्हा बऱ्याच वाचल्या. त्या एकाच पोत्यात घालून 'लोकांना बदल नकोच असतो' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. काही तक्रारी सवयीच्या होत्या आणि महिन्याभरात विरल्या. काही मात्र खऱ्या होत्या, अजूनही आहेत.

पहिली खरी तक्रार यंत्राची. जुनी यादी व्हॉल्व्हनं स्वतः घडवलेल्या साध्या साधनांवर चालायची. नवी लायब्ररी म्हणजे आतून एक वेबपानच, आणि ते दाखवायला क्रोमच्याच जातीचा ब्राउझर स्टीमच्या पोटात चालवावा लागतो. टास्क मॅनेजर उघडलं की 'स्टीम वेबहेल्पर' नावाच्या प्रक्रिया एकाखाली एक दिसत आणि प्रत्येक जण थोडी थोडी मेमरी खाऊन बसलेला असे. ज्याच्याकडे नवाकोरा संगणक आहे त्याला याचं काही वाटणार नाही. पण चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या मुलाला गेमसाठी मेमरीचा कण न् कण हवा असतो, आणि इथं नुसती यादी दाखवण्यातच ती जात होती. कंपनीनं हे गाऱ्हाणं पूर्ण कानाआड केलं नाही. सेटिंगमध्ये 'लो बँडविड्थ मोड' आणि 'लो परफॉर्मन्स मोड' असे पर्याय दिले, 'स्मॉल मोड' नावाची नुसत्या नावांची अरुंद खिडकीही राखली. ज्यांना हे सापडलं त्यांचा राग बराच निवला.

दुसरी तक्रार चित्रांची, आणि ती मला जास्त हळवी वाटते. नव्या लायब्ररीनं प्रत्येक गेमसाठी ६०० बाय ९०० पिक्सेलचं उभं चित्र मागितलं. तोवर दुकानात आडवी चित्रंच चालत होती. चालू असलेल्या स्टुडिओंनी नवी चित्रं करून दिली. पण वीस वर्षांपूर्वीचा गेम, ज्याचा निर्माता केव्हाच दुकान बंद करून गेला, त्याचं उभं चित्र कोण काढणार? तिथं जुनंच आडवं चित्र उभ्या चौकटीत बसवलं गेलं, वरखाली धूसर पट्ट्या घेऊन. झगमगीत मुखपृष्ठांच्या रांगेत ते गेम गरीब पाहुण्यांसारखे दिसू लागले. नावांच्या यादीत सगळे समान होते. एका ओळीत एक नाव, मग तो कोट्यवधी डॉलरचा असो की एकट्या माणसानं रात्री जागून केलेला.

मग खेळणाऱ्यांनीच ब्रश हातात घेतला. ज्या गेमना चित्र नाही त्यांच्यासाठी हौशी चित्रकारांनी उभी चित्रं काढली आणि सगळ्यांना वापरायला देऊन टाकली. 'स्टीमग्रिडडीबी' हा अशा चित्रांचा साठा आज प्रचंड झाला आहे. गेमच्या नावावर उजवं क्लिक करून आपल्या आवडीचं चित्र लावण्याची सोय व्हॉल्व्हनं दिली होती, तिचं लोकांनी सोनं केलं. रागातून इतकं निगुतीचं काम उभं राहिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

चित्रांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आला. जुन्या यादीत तो 'आर' अक्षराखाली एक ओळ झाला असता. नव्या दालनात त्याला चेहरा मिळाला, जगातल्या बड्या गेमच्या शेजारी तेवढ्याच आकाराचा. छोट्या स्टुडिओला हे मोलाचं आहे, आणि हे मान्य न करता नव्या रचनेला नावं ठेवणं बरोबर नाही.

'कलेक्शन' या सोयीचंही तेच. जुन्या पद्धतीत आपण गेमना हातानं वर्ग द्यायचो. ते वर्ग नव्या लायब्ररीत जसेच्या तसे उतरले, आणि वर आपोआप भरणारे कप्पेही आले. 'दोघांनी मिळून खेळायचे', 'कंट्रोलरवर चालणारे', 'अजून न उघडलेले' असा नियम घालून द्यायचा, गेम आपापल्या कप्प्यात जाऊन बसतात. शिव्या देणाऱ्यांपैकीही कित्येकांनी ही सोय पहिल्याच आठवड्यात वापरायला घेतली.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते मात्र वरच्या पट्टीवरून. 'व्हॉट्स न्यू'मध्ये आपल्याकडच्या गेमच्या निर्मात्यांच्या बातम्या येतात. कुणी दुरुस्ती केली, कुणी स्पर्धा ठेवली, कुणी विकत घ्यायचा नवा भाग आणला. निर्मात्याला आपल्या जुन्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा हा चांगला रस्ता आहे. पण ती पट्टी सर्वांत वर होती, आकारानं मोठी होती, आणि सुरुवातीला ती काढून टाकायचं बटणच नव्हतं. लोकांनी स्टीमच्या आतल्या फाइली उघडून, त्यात दोन ओळी घालून ती लपवली. पुढचं अपडेट आलं की पट्टी परत, मग पुन्हा त्या दोन ओळी. एका पट्टीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. मला तो खटाटोप अगदी पटतो. दुकानाच्या पानावर काय दिसावं हे दुकानदारानं ठरवावं, त्यात गैर काही नाही. लायब्ररी हे दुकानाच्या मागचं माझं फडताळ आहे. ते उघडल्यावर माझी नजर आधी कशावर पडावी, हे मीच ठरवलं पाहिजे. त्या सगळ्या गदारोळाचं मूळ मला इथं दिसतं.

असा संताप स्टीमनं पहिल्यांदा पाहिला असं नाही. १२ सप्टेंबर २००३ ला स्टीम आलं तेव्हा त्याचा रंग सैनिकी गणवेशासारखा हिरवट होता आणि लोकांना ते मनापासून नकोसं वाटलं. 'काउंटर-स्ट्राइक' खेळणाऱ्यांची जुनी ऑनलाइन व्यवस्था २००४ च्या जुलैअखेर बंद करून सगळ्यांना इकडे आणलं. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला 'हाफ-लाइफ २' आला, आणि दुकानातून डबा विकत आणणाऱ्यालाही स्टीमशिवाय तो उघडेना. पुढे वर्षं गेली आणि त्याच हिरव्या रंगाची आठवण काढत लोक हौसेनं तशा 'स्किन' बनवू लागले. यावरून 'होते सवय' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण १४ जून २०२३ ला पुढची फेररचना आली, स्टीम डेक या हातातल्या यंत्राचं आणि संगणकावरच्या स्टीमचं अंतरंग एकाच कोडवर आणलं गेलं, आणि त्या जुन्या स्किन चालेनाशा झाल्या. आवडीचा रंग लावायचा हक्कही मांडणीबरोबर गेला.

आतल्या ब्राउझरचा परिणाम त्याहून लांब पोचला. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचा आधार थांबला. कारण कंपनीनंच सांगितलं होतं : नव्या सोयी ज्या क्रोमवर उभ्या आहेत, तो या जुन्या विंडोजवर चालत नाही. म्हणजे विंडोज ७ च्या काळात घेतलेला, त्याच यंत्रावर वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला गेम तिथं उघडेल की नाही, हे आता गेमवर नाही, तर तो दाखवणाऱ्या खिडकीवर ठरतं.

आणि तो गेम मुळात आपला आहे का? कॅलिफोर्नियानं केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते विक्रेत्यानं स्पष्ट सांगितलं पाहिजे, असं तो म्हणतो. स्टीमच्या पैसे भरायच्या पानावर तशी ओळ त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात झळकली. वस्तू हातात येत नाही, विकता येत नाही, मुलाला वारशानं देता येत नाही. अशा मालमत्तेत माणसाच्या हाती उरतं काय? ती कशी लावून ठेवायची, एवढंच.

माझ्या धाकट्या भावाच्या लायब्ररीत 'दादाबरोबर' नावाचा एक कप्पा आहे. त्यात पाच गेम आहेत. प्रत्येकाच्या पानावर स्टीम शेवटचं कधी खेळलो ती तारीख आणि एकूण तास दाखवतं. सगळ्या तारखा त्याच्या लग्नाच्या आधीच्या आहेत. गेल्या दिवाळीत तो ठाण्याहून आला तेव्हा त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. त्यातल्या एका गेमचं मूळ चित्र काढून त्यानं आमच्या जुन्या घरातल्या संगणकाच्या टेबलाचा फोटो लावला होता, ६०० बाय ९०० मध्ये नेमका कापलेला. टेबलापुढे दोन खुर्च्या, एक प्लास्टिकची, एक आजोबांची लाकडी. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो.