दहा घरांची एक भट्टी

पूर्वी परीट घरोघरचे कपडे एकाच भट्टीत घालायचा. कुणाचं धोतर, कुणाचा सदरा, कुणाचं लुगडं, सगळं एकत्र उकळायचं, एकाच दगडावर आपटलं जायचं, एकाच दोरीवर वाळायचं. तरी ज्याचं त्याला बिनचूक परत मिळायचं. कारण भट्टीआधी प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाची बारीक खूण केलेली असायची. कितीही धुवा, ती जात नसे.

आता कपड्यांच्या जागी प्रथिनं घ्या. दहा नमुने आहेत, समजा गाठीतून काढलेल्या पेशींचे. प्रत्येकात हजारो प्रकारची प्रथिनं. कुठलं प्रथिन कुठल्या नमुन्यात किती, हे शोधायचंय. एकेक नमुना वेगळा मोजला तर? कुठे चार थेंब सांडतात, यंत्राचा कल सकाळ-संध्याकाळ बदलतो आणि खरा फरक कुठला, हाताळणीतला कुठला, ते कळेनासं होतं. उपाय परटाचाच: खुणा करा आणि सगळ्यांना एकाच भट्टीत घाला. मग जी काही घट-तूट होईल ती सगळ्यांची सारखीच.

आधी प्रथिनांचे तुकडे करावे लागतात. त्यासाठी वापरतात ट्रिप्सिन, आपलं जेवण पचवणारंच एक विकर. ते वाट्टेल तिथे तोडत नाही. अमिनो आम्लांच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढे कात्री चालवतं. अशा तुकड्याच्या, म्हणजे पेप्टाइडच्या, एका टोकाला अमाइन गट मोकळा असतो. खुणेचा रेणू नेमका तोच धरतो आणि पक्का जोडला जातो.

पण ही खूण करायची कशानं? रंग लावला तर रेणूचा स्वभावच बदलेल. खूण अशी हवी की रसायनशास्त्राला तिचा पत्ता लागू नये, फक्त वजनकाट्याला लागावा. असं काही असतं? असतं! समस्थानिक. साध्या कार्बनच्या अणुकेंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त आला की झाला कार्बन-13. वागणं अगदी तेच, वजन एका एककानं जास्त.

1999 मध्ये स्टीव्हन गायगी आणि रुडी एबरसोल्ड यांच्या गटानं हे करून दाखवलं. एका नमुन्याला साधी खूण, दुसऱ्याला आठ जड हायड्रोजन घातलेली खूण. रेणूंचं वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर खूण लागलेल्या प्रत्येक पेप्टाइडची जुळी शिखरं उमटू लागली. पण दहा घरांच्या दहा वेगळ्या वजनांच्या खुणा केल्या तर? एकेका पेप्टाइडची दहा-दहा शिखरं, आणि पेप्टाइडं तर हजारो. नुसती जत्रा!

2003 मध्ये अँड्र्यू थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी जो तोडगा मांडला तो ऐकताना उलटाच वाटतो: सगळ्या खुणांचं वजन सारखंच ठेवा. मग घर ओळखायचं कसं? एक-एक किलोच्या सहा पिशव्या डोळ्यांसमोर आणा. एकीत गूळ थोडा, शेंगदाणे जास्त; दुसरीत गूळ जरा अधिक, शेंगदाणे तेवढे कमी. काट्यावर सगळ्या सारख्याच. पिशवी फाडून नुसता गूळ तोला, लगेच कळेल कुठली कुणाची.

पुढे आलेल्या सहा खुणांच्या संचात हाच हिशेब आहे. प्रत्येक खुणेत जड अणू बरोबर पाच: चार कार्बन-13 आणि एक नायट्रोजन-15. खुणेचे भाग दोन, डोकं आणि शेपूट. एकीत पाचही अणू शेपटात, दुसरीत एक डोक्यात, चार शेपटात, असं करत शेवटी पाचही डोक्यात. यंत्रात सहाही घरांचं पेप्टाइड एकाच वजनाचं म्हणून एकत्र पकडलं जातं. मग वायूच्या रेणूंवर आदळून ते मोडतं, डोकी सुटतात आणि 126 ते 131 या वजनांवर सहा शिखरं उभी राहतात. ज्या शिखराची उंची जास्त, त्या घरात ते प्रथिन जास्त!

खरी कमाल याच्या पुढे आहे. एका खुणेत डोक्यातला जड अणू कार्बन-13 ठेवला आणि दुसरीत नायट्रोजन-15, तर दोन्ही डोकी 127चीच. एकेक न्यूट्रॉनच तर वाढला. मग वजन तंतोतंत सारखं? नाही! न्यूट्रॉन केंद्रकात बांधला जाताना थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. बांधणी जितकी घट्ट, तितकी तूट मोठी. नायट्रोजन त्याला कार्बनपेक्षा घट्ट धरतो, म्हणून फरक पडतो 0.0063 एककाचा. वीस किलोच्या पोत्यात एक ग्रॅम! 1905 साली आइन्स्टाइननं वस्तुमान आणि ऊर्जा यांचं जे नातं सांगितलं, ते इथे काट्यावर दिसतं. 2012 मध्ये याच फरकाच्या आधारे सहाच्या आठ खुणा झाल्या, आणि पुढे दहा.

एवढा बारीक फरक तोलतात कसा? अलेक्झांडर माकारोव्हनं घडवलेल्या ऑर्बिट्रॅपमध्ये विद्युतभारित तुकडे चातीसारख्या धातूच्या तुकड्याभोवती फिरत मागेपुढे झुलतात, सेकंदाला लाखो वेळा. हलका भरभर, जड जरा सावकाश. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा आठवा. क्षणभर ऐकल्या तर एकच स्वर वाटतो. कान देऊन ऐकत राहिलं की एक तार केसभर उतरलेली कळते. यंत्रही तेच करतं, जास्त वेळ ऐकतं. मग 127वरचं एक शिखर हळूच दुभंगतं आणि त्याची दोन होतात.

परीट बिब्ब्याची खूण पाहून घर ओळखायचा. इथे खूण पाहायची असते ती एकाच गोष्टीची: न्यूट्रॉन बसलाय कुठे आणि त्याला धरलंय किती घट्ट. तेवढ्यावर दहा घरांचं धुणं ज्याचं त्याला पोचतं.