झडपेचे सोंग घेणारी गाठ

जिना चढताना धाप, संध्याकाळी कणकण, उतरत चाललेले वजन. असा रुग्ण नांदेड किंवा लातूरच्या ओपीडीत आला, की डॉक्टरांना आधी क्षयरोग आठवतो. वय तरुण आणि छातीत मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, असेल, तर संधिवाती तापाने बिघडलेली झडप. हे अंदाज बहुधा खरेच ठरतात, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण मिक्सोमा नावाची गाठ नेमकी हीच लक्षणे दाखवते. प्रौढांच्या हृदयातच उगम पावणाऱ्या गाठींत ती सर्वाधिक आढळते, आणि ती कर्करोगाची नसते. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला, बहुतेकदा डाव्या बाजूने, देठावर लटकलेला हा जेलीसारखा गोळा ठोक्यागणिक मायट्रल झडपेत उतरून वाट अडवतो. इंटरल्युकिन-६ हे प्रथिन तो रक्तात सोडतो, त्यातून ताप येतो, दाह दाखवणारा ईएसआर चढतो. तुकडा सुटून मेंदूत अडकला तर लकवा. धापेला एक डॉक्टर, तापाला दुसरा, लकव्याला तिसरा. फायली तीन, दुखणे एकच.

नुसत्या स्टेथोस्कोपवर हे सोंग उघडे पाडणे अवघड, कारण गाठ झडपेत आदळल्याचा आवाज अरुंद झडपेच्या आवाजाशी फार जुळतो. स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी 1953 मध्ये ध्वनिलहरींनी हृदय पाहिले, तीच इको तपासणी; पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला क्राफूर्ड यांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली. त्याआधी ती सहसा शवविच्छेदनातच सापडे.

इतक्या दुर्मीळ गाठीसाठी किनवट-उदगीरच्या रुग्णाला टू-डी इकोकरिता जिल्ह्याला धाडायचे का, असे कुणी विचारेल. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी पाहता प्रश्न रास्त आहे. मात्र धाप आणि मर्मर एकत्र असतील, तर झडपेसाठीही इको लागतोच. गाठ त्याच तपासणीत आयती दिसते. उशीर झाला तर काय बिघडले, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. गाठीला झडपेचा आजार समजून उपचार केला तर धोका असतो: अरुंद झडप फुग्याने उघडताना नळी कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडून पलीकडे नेतात, आणि मिक्सोमाचा देठ बहुधा तिथेच रुजलेला असतो. क्षयाची औषधे पुरावा नसताना सुरू केली आणि दोन महिन्यांनीही ताप हटला नाही, तर औषधे बदलण्याआधी छातीकडे पुन्हा वळावे. बसल्यावर दम वाढतो आणि आडवे झाल्यावर बरे वाटते का, हे तर तालुक्यातही फुकटात विचारता येते. झडपेच्या रुग्णाचे सहसा उलटे असते.